दैवाच्या माथी किती मारणार?

ग्रीस देशातील अथेन्स शहरी सुमारे २४०० वर्षांपूर्वी सोफोक्लीज नावाचा नाटककार होऊन गेला. त्याच्या ‘ईडिपस राजा’ या नाटकाचे नाव निघाले की कित्येक पंडित एकच पालुपद धरतात: पाहा, दैवापुढे मनुष्य म्हणजे कळसूत्री बाहुले! वाचकहो, आम्ही म्हणतो हे साफ खोटे आहे.

कथा अशी. थीबझचा राजा लेयस यास डेल्फीच्या देवळातून कौल मिळाला की, तुझा मुलगा तुझा जीव घेईल. म्हणून तान्ह्या पोराचे घोटे टोचून त्यास डोंगरावर टाकण्याचा हुकूम झाला. पोर वाचले व कॉरिंथच्या राजाघरी वाढले. तोच ईडिपस. पुढे त्यालाही कौल झाला की, तू बापास मारशील व आईशी लग्न करशील. ते टळावे म्हणून तो कॉरिंथ सोडून निघाला. तिवाट्यावर एका म्हाताऱ्याने रस्त्यावरून हटविण्यासाठी डोक्यात पराणी हाणली. याने त्यास ठार केले. नंतर थीबझची विधवा राणी वरली. म्हातारा बाप, राणी आई!

त्याला ठाऊक नव्हते, हे आम्हांस कबूल. परंतु ‘बापास मारशील’ हे नुकतेच कानी पडलेल्या माणसाने म्हाताऱ्यावर हात टाकावा, तो कौलाने टाकविला काय? पंचांगात ग्रहण आधी छापतात, म्हणून पंचांगाने ग्रहण लावले असे कोणी शहाणा म्हणत नाही.

पुढे गावात मरी येते. जुन्या राजाचा खुनी शोधा, असा कौल येतो. स्वतःचे कूळ शोध असे त्यात कोठेही नाही! द्रष्टा टायरेसियस म्हणतो, मला घरी जाऊ दे. राणी म्हणते, पुरे कर. तरी ईडिपस थांबत नाही. शेवटी डोळे फोडून घेतो, आणि दुःख अपोलोने आणले पण हात माझाच, असे स्वतः सांगतो. ज्याचे डोळे गेले तो जबाबदारी घेतो, आणि पंडित ती त्याच्याकडून काढून घेतात!

पण या सर्वांत ज्याच्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही, तो राजघरचा गुलाम, मेंढपाळ. पोर मारण्याचा हुकूम यालाच होता. याला दया आली; याने ते दुसऱ्या मेंढपाळाच्या हाती दिले. तिवाट्यावरून जिवंत परतला तोही हाच. लुटारू पुष्कळ होते असे याने सांगितले, आणि ईडिपस गादीवर दिसताच, मला दूर कुरणात धाडा म्हणून राणीच्या विनवण्या केल्या. येथे तो भ्याला. गरीब म्हणून आम्ही ते झाकणार नाही. भ्याला तोही आपल्या मनाने, आणि दया केली तीही आपल्याच मनाने.

राजाचा क्रूरपणा दैवाच्या खाती आणि गुलामाची दयाही दैवाच्याच खाती, हा कोणता जमाखर्च? सावकाराच्या वहीसारखे झाले हे. काहीही भरा, बाकी त्याचीच! हुकूम सोडणाऱ्याला असले मत फार सोयीचे. पोर डोंगरावर टाका म्हणणारा लेयस यातून सुटतो, आणि हुकूम मोडणाऱ्याचे नावही उरत नाही.

नाव तर सोफोक्लीजनेही त्याला दिलेले नाही. राजापुढे हात पिरगाळून त्याच्याकडून खरे काढवितात, आणि मग तो निघून जातो. पुढे त्याचे काय झाले, हे पंडितांनी कधी विचारले आहे काय?