मूठ परत यायला हवी!

आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी हात काळे करायला लाजतो. हे चूक आहे. वडिलांची येझदी १९९६ पूर्वीची, म्हैसूरची. तिची मूठ जड झाली. पिळली की सोडूनही मागे येईना. एकदा शाळेच्या फाटकाशी गाडी उसळली. मुले थोडक्यात वाचली. "कार्ब्युरेटर बदला," मेकॅनिक म्हणाला. मी आधी कार्ब्युरेटरकडून केबल सोडवली. मूठ तरीही जडच! मग मुठीकडूनही सोडवली. मूठ हलकी फिरली. केबलची तार मात्र हातानेही सरकेना. आमच्याच हेळसांडीने ती गंजून विसविशीत झाली होती. तेल न घालता नवी केबल घातली. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवूनही मूठ आपोआप परत येते ना, हे पाहिले. मित्रहो, दोष शोधणे हाही अभ्यासच. आणि वेग आवरता येत नसेल, तर गाडी रस्त्यावर आणण्याचा आपल्याला हक्क नाही.