विश्लेषण : मेंदूसाठी चालायचे खरे, पण बुधवार पेठेत कुठे?

अप्पा बळवंत चौकात परीक्षेसाठी लागणारे सगळे मिळते. गाइड, प्रश्नसंच, जुन्या प्रश्नपत्रिका. मेंदूला उपयोगी पडणारी आणखी एक गोष्ट दुकानाबाहेर फुकट मिळायला हवी : अर्धा तास झपझप चालणे. बुधवार पेठेत नेमके तेच अवघड आहे.

मेंदूत काय होते?

झपझप चालताना मेंदूला रक्त जास्त पोहोचते. व्यायामाने ‘बीडीएनएफ’ हे प्रथिनही वाढते. चेतापेशी तगून राहण्यासाठी आणि त्यांच्यात नवे जोड तयार होण्यासाठी ते लागते. नव्या आठवणी साठवण्यात हिप्पोकॅम्पस या भागाचा वाटा मोठा असतो आणि उतारवयात तो आकसत जातो. अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर झालेला एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक गट आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटे चालत होता, तर दुसरा स्ट्रेचिंग करत होता. वर्षभराने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटाचा सुमारे १.४ टक्क्यांनी घटला.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आरोग्यसल्ल्यांत पुढचा भाग गळतो. स्मरणचाचणीत दोन्ही गटांची सुधारणा जवळपास सारखीच होती. त्यामुळे ‘चाला आणि स्मरणशक्ती वाढवा’ इतका सोपा हिशेब नाही. व्यायामाचे महत्त्व दीर्घ पल्ल्यात जास्त आहे. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचे बदलता येण्याजोगे १४ धोके दिले आहेत. शारीरिक निष्क्रियता त्यांपैकी एक. हे सगळे धोके दूर झाले, तर सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू शकेल किंवा लांबू शकेल.

मग अडते कुठे?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. भारतात जवळपास निम्मे प्रौढ एवढेही करत नाहीत. त्याचे खापर आळसावर फोडणे सोपे आहे. पण सत्तरीच्या आजींनी दगडूशेठ गणपतीपासून तुळशीबागेपर्यंत चालून दाखवावे. दुचाकी चुकवत, दर दहा पावलांवर थांबत. अशा चालण्यात दमछाक होते ती भीतीने.

पुण्याचे पादचारी धोरण २०१६ चे आहे. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून ‘पादचारी दिन’ही झाला. उपक्रम चांगलाच, पण मेंदूला व्यायाम दर आठवड्याला हवा, वर्षातून एकदा नव्हे. पेठेतली बहुतेक दुकाने सकाळी उशिरा उघडतात. सहा ते आठ या वेळेत एखादा रस्ता रोज वाहनमुक्त ठेवला, तर व्यापाराचे फारसे बिघडणार नाही. मालाचे टेम्पो आणि दूधवाल्यांची सोय तेवढी आधी लावावी लागेल.