पेटी येईपर्यंत थांबायचं कशाला?

बीदर जिल्ह्यात, बसवकल्याण तालुक्यातल्या कोहिनूरसारख्या गावातलं पोर पहिलीत येतं तेव्हा त्याच्या कानात बरंच काही साठलेलं असतं. हरिपाठाचे टाळ, मोहरमची हलगी, वरातीतला बँड, शेजारच्या घरातलं कन्नड पद. शाळेत मात्र संगीत म्हणजे बहुतेक ठिकाणी सकाळचं राष्ट्रगीत आणि स्नेहसंमेलनाच्या आधी आठवडाभर मोबाइलवर वाजणारं गाणं. एरवी काही नाही. का, तर संगीत शिक्षक नाहीत आणि पेटी नाही.

शिक्षक नाहीत हे खरं, आणि ते इतक्यात येणारही नाहीत. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची उघडून पाहावी. कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीला, तोही पट 100च्या वर असेल तर. पहिली ते पाचवीचे शिक्षक नुसत्या पटावर ठरतात, कलेचं तिथे नावही नाही. ज्या वयात कान तयार होतो, नेमका तिथेच कायदा गप्प. म्हणजे प्राथमिकचं संगीत वर्गशिक्षकालाच शिकवावं लागणार.

ते जमण्यासारखं आहे. फक्त सुरुवात सरगमपासून नको, तालापासून हवी. बेचा पाढा म्हणताना अख्खा वर्ग आपोआप एका लयीत डुलतो. त्याच लयीवर केरवा बसतो. आठ मात्रा, पहिलीवर टाळी, पाचवीवर खाली, म्हणजे हात नुसता बाजूला. धा गे न ती, न क धि न. एका रांगेने मात्रा मोजायच्या, दुसरीने टाळी-खाली दाखवायची, मग अदलाबदल. पाचव्या मात्रेवर कुणाची तरी टाळी वाजतेच आणि वर्ग खिदळतो. खिदळू द्यावं, चूक कानाला कळली म्हणूनच हसू आलं. सहा मात्रांचा दादरा नंतर, सावकाश.

सुरांचीही घाई नको. हंगेरीत संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या विचारांवर चालणारी पहिली गाणारी प्राथमिक शाळा 1950मध्ये केचकेमेत या त्यांच्या जन्मगावी सुरू झाली. या पद्धतीत लहानग्यांपुढे सगळं सप्तक मांडत नाहीत. आधी दोनच सूर, आपल्या भाषेत प आणि ग. मग ध, त्यानंतर सा आणि रे. म आणि नी बरेच उशिरा. पहिले पाच सूर एकत्र केले की होतो आपला भूप, गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलाला अगदी सुरुवातीला भेटणारा राग!

शाळेसारखं संगीत शिकवणं आपल्याकडेही जुनंच आहे. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी बडोद्यात गायनशाळा काढली ती 1886 साली. पुढे परीक्षा आल्या आणि गाडी जरा भलतीकडे वळली. महाराष्ट्रात दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पुष्कळ घरांत गाणं गुणांच्या हिशेबानेच सुरू होतं. दुसरीतल्या मुलाला परीक्षेला बसवण्यात काही अर्थ नाही.

ताल धरायला गावातल्या भजनी मंडळातले पखवाजवाले आठवड्यातून एकदा शाळेत आले तर दुधात साखर. पण एक पथ्य पाळावं लागेल. सरकारी शाळेत सगळ्या धर्मांची मुलं बसतात, तिथे नुसते अभंग चालणार नाहीत. वचनं हवीत, कन्नड जानपद हवं, उर्दू तराणेही हवेत. या मुलखाला यात नवीन काही नाही. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (1817–1865) मराठी, कन्नड, हिंदी आणि उर्दू अशा चारही भाषांत पदं रचत होते.

खर्च म्हणाल तर एक ढोलकी, टाळांचे काही जोड आणि शिक्षकांसाठी तीन-चार दिवसांचं शिबिर. कलबुर्गीच्या कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळाला हे जड नाही. पेटी शेवटी घ्यावी. वाजवणारा नसेल तर कपाटात तिचा भाता उंदरांच्याच कामी येतो, आणि असेल तर मुलं सूर लावण्याआधी तिच्याकडे बघायला लागतात.

नव्या वर्षाचं वेळापत्रक लागतं तेव्हा एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या, बैठकीत पालकांनी दोनच प्रश्न विचारावेत: आठवड्याला गाण्याच्या दोन तासिका कुठे धरल्या आहेत, आणि त्या घेणार कोण?