दोन जिवांच्या बाईला आजच विचारा

समुद्रपूर तालुक्यातल्या आयाबहिणींनो, बापांनो, भावांनो,

तुमच्या घरात, नाहीतर शेजारच्या घरात, आज कुणीतरी दोन जिवांची बाई आहे. तिचं वजन झालं. बीपी मोजून झालं. लोहाच्या गोळ्या मिळाल्या, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, सोनोग्राफीचा कागद पिशवीत जपून ठेवला आहे. हे सगळं तुम्ही मनापासून केलंत. आता राहिलेली एक गोष्ट करा. तिच्याजवळ बसा आणि विचारा, 'मन कसं आहे गं तुझं?'

उद्यावर टाकू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत गरोदरपणात शंभरातल्या सुमारे 16 जणींना आणि बाळंतपणानंतर सुमारे 20 जणींना मनाचा आजार गाठतो, बहुतेक वेळा नैराश्य. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. बाळ सहा ते आठ आठवड्यांचं असताना तिथल्या 23 टक्के आया नैराश्यात सापडल्या होत्या. कशामुळे? गरिबी, नवऱ्याशी बिनसलेलं नातं, घरातली मारहाण. आणि मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून. नंदोरी, गिरड, कोरा, मांडगाव, कुठल्याही गावात उभे राहा आणि सांगा, यातलं काय आपल्याकडे नाही?

आपला वर्धा जिल्हा शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी आहे. कपाशी गेली, सोयाबीनला भाव मिळाला नाही, कर्जाचा हप्ता थकला, की घरातला प्रत्येक जण काळजीत असतो. पण जिच्या पोटात बाळ आहे ती ही काळजी गिळते आणि निंदणाला जाते. तिच्या मनाचा आजार दिसत नाही. ती कमी जेवते, आपण म्हणतो डोहाळे आहेत. ती रडते, आपण म्हणतो लाडावली आहे. बाळंतपणानंतर ती बाळाकडे बघतही नाही, तेव्हा 'बाहेरचं लागलं' म्हणून आपण अंगारा आणायला धावतो. तेवढ्यात आठवडे निघून जातात. गरोदरपणातच दुर्लक्ष झालं तर बाळ वेळेआधी जन्मण्याचा आणि कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो, नंतर अंगावर पाजणं अवघड होतं, आणि आईचा जीव आतल्या आत खचत जातो.

हे तुम्ही थांबवू शकता. ओळखायला डॉक्टर व्हावं लागत नाही. बाळंतपणानंतर चार-सहा दिवस रडू येणं, जीव हळवा होणं, हे पुष्कळ जणींना होतं आणि निवळतं. पण दोन आठवडे उलटले तरी उदासी हटत नाही, बाळ झोपलं तरी तिला झोप नाही, आवडीच्या कामात मन नाही, 'मी काही कामाची नाही' असं ती बोलते आहे, तर समजा की हा आजार आहे आणि याला उपचार आहे. सासूबाई, पहिला प्रश्न तुम्ही विचारा. तुमचा शब्द त्या घरात चालतो. दादा, तुम्ही विचारा. तिचं उत्तर येईपर्यंत मोबाईल बाजूला ठेवा.

आणि गावातल्या साध्या बाईला हे जमेल का, अशी शंका आणू नका. डॉ. राणी बंग आणि आपल्याच वर्ध्यात वाढलेले डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत गावातल्या बायांना नवजात बाळ वाचवायला शिकवलं, आणि त्या कामातूनच पुढे देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. मनाच्या बाबतीतही तसंच घडलं आहे. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत नैराश्यात असलेल्या गरोदर बायांकडे आरोग्यसेविका ठरवून बोलायला जाऊ लागल्या. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्यांच्यातल्या 23 टक्के आया नैराश्यात होत्या. जिथे नुसत्या नेहमीच्या भेटी झाल्या, तिथे 53 टक्के. हा अभ्यास 2008 चा. नंतर गोव्यात हीच रीत शेजारपाजारच्या सामान्य आयांनी चालवून पाहिली.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येते. बाळाचं वजन करते, ताप बघते. आशाताई, त्या भेटीत दहा मिनिटं आईची ठेवा. आणि घरच्यांनो, ती दहा मिनिटं तुम्ही खोलीबाहेर थांबा. सासूसमोर सून खरं बोलणार नाही.

घरी रोज करण्यासारखंही काही आहे. दिवसातून दहा मिनिटं तिला शांत बसू द्या. डोळे मिटून येणारा श्वास, जाणारा श्वास नुसता बघायचा. मन भटकलं तर न रागावता परत आणायचं. आपल्या बुद्धविहारांत आनापान म्हणून हे पुष्कळांनी केलेलं आहे, त्याला पैसा लागत नाही. घाबरलेलं मन यानं सावरतं, झोपेलाही मदत होते. पण त्या दहा मिनिटांत चूल कुणीतरी दुसऱ्यानं सांभाळली पाहिजे, नाहीतर हा तिच्या डोक्यावर आणखी एक बोजा. आणि कृपा करून 'चांगलेच विचार कर, नाहीतर बाळावर परिणाम होईल' असं तिला बजावू नका. या एका वाक्यानं किती बायका अपराधी वाटून गप्प होतात! तिला धाक नको, सोबत हवी.

श्वासाच्या भरवशावर मोठा आजार मात्र अंगावर काढू नका. समुद्रपूरच्या ग्रामीण रुग्णालयात जा, तिथून पुढे पाठवलं तर वर्ध्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार डॉक्टर भेटतात. आधीपासून गोळ्या चालू असतील तर गरोदर राहिल्याबरोबर मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आणि हे तर आजच करा. फवारणीचं औषध घरात उघडं ठेवू नका. कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. तिला सरळ विचारा, 'जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?' असं विचारल्यानं तो विचार मनात येत नाही, उलट मनात असेल तर बोलायला वाट मिळते. ती हो म्हणाली, किंवा बाळंतीण भलतंच बडबडायला लागली, नसलेले आवाज ऐकू लागली, बाळाला इजा करण्याचं बोलू लागली, तर तिला एकटी सोडू नका. रात्र असली तरी 108 ला फोन करून गाडी बोलवा.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. येत्या 9 तारखेला तिच्यासोबत नवऱ्यानं जावं. एका दिवसाची मजुरी बुडेल, बुडू द्या. रक्तदाब मोजून झाला की डॉक्टरांना स्वतःहून सांगा, 'मॅडम, हिला झोप नाही, मन लागत नाही.' थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही बघायला सांगा, ते बिघडलं तरी अंगातलं बळ जातं. आणि 9 तारखेपर्यंत थांबण्याइतका धीर तिच्यात नसेल, तर टेली-मानस या मनाच्या आजारासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लावा. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन तिच्या हातात द्या, आणि तिचं बोलणं होईपर्यंत लेकराला तुम्ही घ्या.