विश्लेषण : फ्रीस्टाइल पोहताना लवकर दम का लागतो?

उन्हाळी शिबिरात मुले तलावाचा कठडा धरून पाय आपटत असतात आणि काठावरून सूचना येते, 'अजून जोरात!' जितके पाणी उडेल तितके पोहणे चांगले, हा समज इथेच पक्का होतो. पुढे २५ मीटरमध्येच धाप लागते आणि 'आपल्यात दमच नाही' असे मानून अनेक जण पोहणे सोडतात. खरे तर बहुतेकदा दोष दमाचा नसून पाय मारण्याच्या पद्धतीचा असतो.

पायांचे काम काय?

फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेण्याचे मुख्य काम हात करतात. पाय शरीर आडवे ठेवतात आणि तोल सांभाळतात. मांडीचे मोठे स्नायू जोरात चालवले की प्राणवायू झपाट्याने खर्च होतो. म्हणूनच ५० मीटरच्या शर्यतीत दोन्ही हातांच्या एका आवर्तनात सहा वेळा पाय मारले जातात, तर लांब पल्ल्याचे अनेक जलतरणपटू दोनदाच मारतात.

चूक कुठे होते?

सायकल चालवल्यासारखे गुडघ्यातून पाय मारले की मांडी खाली येऊन पाणी अडवते. समोर बघत पोहले की डोके वर येते, कंबर आणि पाय खाली जातात. मग ते वर आणायला आणखी जोर लावावा लागतो. घोटे ताठ असतील, तर पाय मारूनही शरीर फारसे पुढे सरकत नाही.

सुधारणा कशी करावी?

नजर तळाकडे ठेवा. हालचाल खुब्यापासून सुरू करा, गुडघा किंचित सैल, घोटा मोकळा आणि बोटे मागे ताणलेली असू द्या. पाय लहान आणि सलग मारा. पाठीवर पडून सराव करा; गुडघे पाण्याबाहेर आले, तर सायकल सुरू झाली असे समजा. गुडघेदुखी नसेल, तर घोट्यांसाठी वज्रासन उपयोगी आहे.

किकबोर्ड वाईट नाही, पण डोके वर ठेवून तासभर तोच सराव केल्यास चुकीची सवय लागते. त्याऐवजी कुशीवर राहून पाय मारण्याचा सराव वाढायला हवा. प्रशिक्षकांनी आणि पालकांनीही पाणी किती उडाले हे पाहू नये. मूल न थांबता, न घाबरता किती अंतर गेले, हे पाहावे. पाण्यात जीव वाचवते ते हेच कौशल्य.