अनुभव काय बाजारात विकत मिळतो?

रेल्वेच्या कुठल्याही इलेक्ट्रिक डेपोत जा, नवीन लागलेल्या पोराबद्दल एक वाक्य हमखास कानी पडते : "आयटीआय करून आला आहे, पण येत काहीच नाही." सुपरवायझर हे म्हणतो, अधिकारी म्हणतो आणि लाजेची गोष्ट ही, की पंचवीस वर्षे नोकरी झालेला आपला कामगारही म्हणतो. आज याच वाक्याचा समाचार घ्यायचा आहे. कारण हा नुसता टोमणा नाही. या वाक्याच्या आड प्रशासन आपली जबाबदारी लपवते, आणि आपण त्याला मदत करतो.

आधी एक घडलेली हकीकत ऐका. डेपोचे नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका डेपोचा नाही.

भंडाऱ्याकडचा एक मुलगा. इलेक्ट्रिशियन ट्रेडची दोन वर्षे आयटीआयमध्ये काढलेली, प्रथम श्रेणी. भरतीची परीक्षा पास होऊन टेक्निशियन ग्रेड तीनवर लागला. पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरने सगळ्या गँगसमोर त्याच्या हातात मेगर दिला आणि म्हणाला, "लाव, बघू." पोराला तो जोडता आला नाही. आयटीआयमध्ये त्याने मेगर पाहिला होता, पण कपाटाच्या काचेतून. सगळ्या वर्गाला मिळून एक मेगर, तोही कुलुपात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सगळे हसले. त्या दिवसापासून त्या पोराने कोणाला काही विचारणेच बंद केले.

पुढचे चार महिने त्याने चहा आणला, रजिस्टरे लिहिली, ट्यूबलाइटी बदलल्या. मग पावसाळ्यातल्या एका रात्री माणूस कमी पडला, आणि ज्याला 'काहीच येत नाही' त्यालाच पंपहाउसच्या पॅनेलवर एकटे पाठवण्यात आले. त्याने शिकवल्याप्रमाणे मेन बंद केला, टेस्टर लावून पाहिला आणि कामाला लागला. तेवढ्यात पावसाने बाहेरची लाइन गेली. पलीकडच्या खोलीतल्या माणसाने रोजच्या सवयीने जनरेटर चालू केला. त्या पॅनेलला दोन बाजूंनी सप्लाय होता. मेन बंद होता तो लाइनचा. जनरेटरचे ४१५ व्होल्ट दुसऱ्या बाजूने आत आले. पोराचा हात मनगटापर्यंत भाजला. जीव वाचला तो नशिबाने.

पॅनेलवर नकाशा नव्हता. 'माणूस कामावर आहे' अशी पाटी नव्हती. दोन सप्लायची गोष्ट फक्त दोन जुन्या मिस्त्रींच्या डोक्यात होती. ते दोघे आदल्या वर्षी निवृत्त झाले आणि डोक्यातली माहिती डोक्यातच घेऊन घरी गेले. त्यांच्या जागा रिकाम्याच होत्या.

आणि पत्र कोणाला मिळाले? त्या पोराला! हॉस्पिटलमधून सुटून आला तर एस.एफ. ११ चा कागद तयार : कामात निष्काळजीपणा केला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. उत्तर लिहायला तो माझ्याकडे आला. भाजलेला हात पुढे करून म्हणाला, "काका, त्या पॅनेलले दोन सप्लाय आहेत हे मले कोणी सांगतलंच नाही." मी उत्तरात तीनच प्रश्न विचारले. याला एकटे कोणी पाठवले? याच्या सक्षमता प्रमाणपत्रावर सही कोणी केली, आणि सही करण्याआधी याचे काम पाहिले होते का? निवृत्त माणसांच्या जागा कोणी रिकाम्या ठेवल्या? एकाही प्रश्नाचे उत्तर आले नाही. एक वेतनवाढ रोखण्याची शिक्षा मात्र आली. अपिलात ती ठपक्यावर उतरली, याला आम्ही विजय म्हणायचे!

साथींनो, मी स्वतः मॅट्रिक. १९९० साली खलाशी म्हणून लागलो, तेव्हा बिलासपूर विभाग दक्षिण-पूर्व रेल्वेत होता आणि रायपूर विभाग जन्मालाच यायचा होता. मला तर मेगरचे नावही माहीत नव्हते. पण मला एकटे कोणी सोडले नाही. मिस्त्रीच्या मागे पिशवी घेऊन कितीतरी वर्षे फिरलो. आधी पाहायचे, मग धरायचे, मग मिस्त्री उभा असताना स्वतः करायचे, आणि ट्रेड टेस्ट त्यानंतर. मी शिकलो तो हुशार होतो म्हणून नव्हे. गँगमध्ये माणसे पुरेशी होती आणि शिकवायला मिस्त्रीकडे वेळ होता म्हणून शिकलो. आज माणसे कमी केली, वेळ काढून घेतला, आणि वर विचारतात, पोराला अनुभव का नाही? अनुभव काय बाजारात विकत मिळतो, की पोराने घरून डब्यात बांधून आणावा? अनुभव कामावर मिळतो, आणि तो देणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

शिकाऊ उमेदवारांचे बघा. १९६१ चा अप्रेंटिस कायदा हातात घ्या. कलम १८ म्हणते, हा उमेदवार शिकणारा आहे, कामगार नाही. कामगार कायदे त्याला लागू नाहीत. ठीक आहे, मग त्याला शिकवा! प्रत्यक्षात काय होते? रिकाम्या जागेवर त्याला उभा करून पूर्ण माणसाचे काम घेतात. कामाला कामगार, हक्काला शिकाऊ. विद्यावेतनाची किमान रक्कम २०१९ साली ठरली ती पाच ते नऊ हजार रुपये. आपल्या रेल्वेत त्यांची निवड मॅट्रिक आणि आयटीआयच्या गुणांवर होते, म्हणजे आत येताना कागद बघतात आणि आत आल्यावर म्हणतात, कागदाला काय किंमत!

वर्ष संपले की हातात राष्ट्रीय प्रमाणपत्र आणि समोर बंद दार. २० मार्च २०१८ ला माटुंगा आणि दादरच्या दरम्यान रेल्वेचेच शिकाऊ उमेदवार रुळांवर बसले आणि सकाळच्या गर्दीत मुंबईच्या लोकल ठप्प झाल्या, ते उगीच नाही. खालच्या श्रेणीतील थेट भरतीत त्यांच्यासाठी २० टक्के जागा आहेत. त्यांचे म्हणणे होते, आम्हाला तुम्हीच शिकवले, तर पुरते सामावून घ्या. सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ साली उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या खटल्यात सांगितले आहे, की बाकी सगळे सारखे असेल तर शिकून तयार झालेल्या उमेदवाराला बाहेरच्यापेक्षा आधी घ्यावे. रेल्वेने घेतले नाही तर तेच पोरगे ठेकेदाराच्या दारात जाते. ठेकेदाराला माणूस हवा अनुभवी, आणि पगार द्यायचा बिगाऱ्याचा.

काही अधिकारी म्हणतात, गाड्या थांबवून शाळा चालवायची काय? त्यांना माझा उलट सवाल आहे. २५ हजार व्होल्टच्या ओव्हरहेड तारेवर परमिटशिवाय माणूस चढवता काय? तिथे सप्लाय बंद झाल्याचा कागद लागतो, दोन्ही बाजूंनी अर्थिंग लागते, जिवंत तारेपासून दोन मीटर अंतर लागते. म्हणजे नियम करता येतात, आणि वेळही काढता येतो. तिथे चूक झाली तर गाड्या थांबतात. पंपहाउसच्या पॅनेलवर चूक झाली तर फक्त एक माणूस थांबतो. फरक एवढाच आहे काय, याचे उत्तर प्रशासनाने द्यावे.

टपाल खात्यातील साथींनी ही आमची रेल्वेची गोष्ट समजू नये. तुमच्याकडे ग्रामीण डाक सेवक दहावीच्या गुणांवर घेतात आणि थोडक्या दिवसांत खातेदारांच्या पैशाचा हिशेब त्याच्या गळ्यात बांधतात. रक्कम कमी भरली तर वसुली त्याच्याच खिशातून. आमच्याकडे हात भाजतो, तुमच्याकडे खिसा भाजतो. रोग एकच आहे.

आता दोन शब्द आपल्याच माणसांना. त्या दिवशी मेगरवरून जे हसले त्यात आपले सभासद होते. काही जुने कामगार आपली कला मुठीत धरून बसतात. पोरगे शिकले तर आपली किंमत कमी होईल असे त्यांना वाटते. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, हे खरे, पण सुनेने सासूचा सूड पुढच्या सुनेवर काढू नये. न शिकवलेला जोडीदार हा आपल्याच जिवाला धोका आहे. उद्या पलीकडच्या खोलीत जनरेटरच्या हँडलवर तो असेल आणि पॅनेलमध्ये आपला हात असेल.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट आहेत. नव्या इलेक्ट्रिशियनला पहिले सहा महिने एकट्याने काम नाही आणि रात्रपाळीत एकटे ठेवणे नाही. प्रत्येकाला नाव लिहून दिलेला एक उस्ताद, आणि त्या उस्तादाला शिकवण्यासाठी कामातून सूट व भत्ता. प्रत्येक पॅनेलवर त्याचा नकाशा, किती बाजूंनी सप्लाय आहे हे ठळक अक्षरात. माणूस निवृत्त होण्याआधी तीन महिने त्याच्या जागी नवा माणूस, म्हणजे विद्या गेटाबाहेर जाणार नाही. शिकाऊ उमेदवाराची गणती मंजूर संख्येत नाही. आणि अपघात झाला तर सक्षमतेच्या कागदावर सही करणाऱ्याची चौकशी आधी.

यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी लढावे लागेल. पण एका गोष्टीसाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही. उद्या ड्यूटीवर जाल तेव्हा गँगमधल्या सगळ्यांत नव्या पोराला बोलवा, मेगर त्याच्या हातात द्या, आणि हसायच्या ऐवजी कसा जोडायचा ते दाखवा. तो पोरगा उद्या संघटनेच्या मोर्चात तुमच्या बाजूला उभा असेल.

कामगार एकजुटीचा विजय असो!