“आमाले काय समजते” म्हणणं सोडा



गावात बैठक घेतली की एक वाक्य हमखास कानावर पडतं, “आमाले काय समजते बावा, तुमीच पाहा.” धारणी-चिखलदऱ्यात तेच, आणि पुनर्वसनात अकोटकडं खाली उतरलेल्या गावांतही तेच. म्हातारे म्हणतात, बाया म्हणतात, आता बारावी झालेली पोरंही म्हणायला लागली. या वाक्यानं जेवढं नुकसान केलं तेवढं कोण्या साहेबानं केलं नसेल. साहेबानं दावा फेटाळला तर अपील करता येते. आपणच आपल्याले फेटाळलं तर अपील कुठं करणार?

हे वाक्य आलं कुठून? मेळघाटातलं कोरकू पोर घरी पाण्याला ‘डा’ म्हणते. पहिलीत गेलं की मास्तर म्हणतात ‘पाणी’, पुस्तकातही ‘पाणी’. कोरकू ही मराठीची बोली नाही. ती मुंडारी, संथाली यांच्या कुळातली वेगळी भाषा आहे. सहा वर्षांचं पोर अनोळखी भाषेपुढं गप्प बसते आणि त्या गप्प बसण्याला नाव पडते ‘मठ्ठ’. मलाही ते नाव पडलं होतं. पण तेच पोर मोठं होता होता घरी कोरकू, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी बोलते. तीन भाषा बोलणारं डोकं मठ्ठ कसं?

म्हणजे अक्कल कमी नाही, अकलेवरचा भरवसा कमी आहे. आणि तो भरवसा स्तुतीनं येत नाही. स्टेजवरून पाहुणे सांगतात, आदिवासी निसर्गाचा राजा आहे. आपण टाळ्या वाजवतो आणि दुसऱ्या दिवशी तलाठ्यासमोर पुन्हा मान खाली. भरवसा येतो तो एखादं काम स्वतः शिकून, स्वतः केल्यावर.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं उदाहरण घ्या. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावानं अभ्यास गट चालवला. बाहेरच्या माणसाला बोलवायचे, कायदा समजून घ्यायचे, प्रश्न विचारायचे. पण निर्णय ग्रामसभाच घ्यायची, तोही सगळ्यांच्या सहमतीनं. २००९ साली त्यांना १८०० हेक्टरच्या वर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक केंद्राच्या मंत्र्यानं गावात येऊन ग्रामसभेच्या हातात दिलं. ते गोंड गाव आपल्यासारखंच. फरक एवढाच, ते अभ्यासाला बसले.

आणि गडचिरोली दूर वाटत असेल तर आपल्या अचलपूर तालुक्यातलं पायविहीर पाहा. २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला, उजाड जमिनीवर लोकांनी झाडं उभी केली, गावची सीताफळं मुंबईपर्यंत गेली आणि २०१४ साली जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार आला. हिशेब, रजिस्टर, ठराव, सगळं शिकूनच जमलं.

आता आपल्या दाव्यांकडं या. वनहक्क कायद्याच्या नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात सरकारी कागद आहेत, तसंच जुनं घर, बांध, विहीर, स्मशानभूमी आहे आणि गावच्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबसुद्धा आहे. म्हणजे जी आजी स्वतःले अडाणी म्हणते, तिची आठवण कायद्यानं पुरावा मानली आहे! अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही. दावा फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागते आणि ६० दिवसांत वरच्या समितीकडं दाद मागता येते. हे ज्याले माहीत आहे त्याची मान आपोआप वर होते. ज्याले माहीत नाही तो दलालाच्या मागं फिरतो.

म्हणून माझं सांगणं आहे, प्रत्येक गावात आठवड्यातून दोन संध्याकाळी अभ्यासाला बसा. एकानं कायद्याचं एक कलम मराठीत वाचावं, दुसऱ्यानं कोरकूत सांगावं. तिसऱ्याला पटलं नाही तर भांडावं, भांडल्याशिवाय समजत नाही. नमुना ‘अ’ आधी कोऱ्या वहीत स्वतःच्या हातानं भरून पाहा. सातबारा वाचायला शिका. ज्याले लिहिता येत नाही त्यानं शेताच्या चतुःसीमा तोंडानं सांगाव्या, पोरीनं लिहाव्या. बायांनी मागं बसू नये. जंगलात मोहफूल कुठं पडते, पाणी कुठं टिकते, हे त्यांना जास्त ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, दिवसभर मजुरी करून अभ्यास कधी करायचा? बरोबर आहे, पोट आधी. पण एका चुकीच्या रकान्यापायी तालुक्याच्या किती चकरा होतात, किती रोज बुडतात, हाही हिशेब करा.

आणखी कोणी म्हणेल, कार्यकर्ते आहेत ना. मी कार्यकर्ता म्हणूनच सांगतो, ज्या गावाला कार्यकर्त्याशिवाय अर्ज लिहिता येत नाही त्या गावाचा मालक फक्त बदलला. संघटनेची ताकद मोर्चात दिसते, पण ती तयार होते कंदिलापाशी बसून वाचणाऱ्या दहा माणसांत.

पुढच्या बैठकीत कोणी “आमाले काय समजते” म्हटलं तर त्याच्या हातात कागद द्या आणि म्हणा, “पहिली ओळ वाच. नाही समजली तर सगळे मिळून समजून घेऊ.”